लाल वाइनची पारख : चषक, साल आणि बी

मावळ तालुक्यातील शिरगाव हे सोमाटणे फाट्याजवळचे, पवनेच्या खोऱ्यातील गाव. साईमंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ या नावाने ते अलीकडे दूरवर ओळखले जाऊ लागले असले, तरी हा मुलूख मूळचा भाताचा. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून सिद्ध केलेली ‘इंद्रायणी’ ही जात १९८७ साली प्रसारित झाली आणि बघता बघता या पट्ट्यात घरोघरी पोहोचली. येथील जाणती गृहिणी शिजणाऱ्या भाताच्या वासावरून तांदूळ नवा की जुना हे ओळखते. शीत बोटांत दाबून पाहिले की त्यात दुसऱ्या तांदळाची मिसळ आहे काय, हेही तिला कळते. ही पारख कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेली नाही; परंतु बाजारात तांदळाचा भाव ठरतो तो बहुतांशी तिच्याच आधारावर. विशेष म्हणजे भात पिकविणाऱ्याच्या घरातच ती पारख असते. व्यापारी काही सांगू लागला तर त्याला उत्तर देण्याइतकी चव शेतकऱ्यापाशी स्वतःची असते.

याच पुणे जिल्ह्यात दुसरे एक पीक असे आहे की, त्याचाही भाव शेवटी चवीवरच ठरतो. मात्र ती चव पिकविणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. ते पीक म्हणजे वाइनची द्राक्षे.

द्राक्षवेलीला मावळचा पाऊस मानवत नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्या ओलीत केवडा आणि करपा या रोगांनी वेलीवर पान राहावयाचे नाही. परंतु सह्याद्रीचा माथा मागे टाकून पूर्वेकडे निघाले की पाऊस झपाट्याने उतरतो. दौंडच्या बाजूस तो पाचशे मिलिमीटरांच्या घरात येतो आणि तेथे द्राक्षबागा दिसू लागतात. जिल्ह्याच्या उत्तरेस नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात आधुनिक वाइननिर्मितीचा आरंभ केला. पुढे दौंड तालुक्यातील रोटी, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा परिसर, सांगली जिल्ह्यातील पलूस आणि या सर्वांच्या पुढे गेलेला नाशिक जिल्हा, असा हा विस्तार झाला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले; विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्याने उभारण्यात आली.

त्यानंतर जे घडले ते बागायतदारांच्या स्मरणात आहे. २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर आणि त्याच वर्षीच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावला, वाइनची मागणी खाली आली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. करार करून लावलेल्या बागांची द्राक्षे घेण्यास गिऱ्हाईक राहिले नाही. वाइनची द्राक्षे खाण्यासाठी विकता येत नाहीत. ती लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. अनेकांनी त्या बागा मुळासकट काढून टाकल्या. मागणी घटणे हे त्याचे मुख्य कारण होते, यात शंका नाही. परंतु अशा पडत्या काळात प्रथम नाकारला जातो तो कमी प्रतीचा माल, आणि आपला माल कोणत्या प्रतीचा आहे हे सांगण्याचे साधन बागायतदाराच्या हाती नव्हते. ब्रिक्स मापकावरील साखरेचा आकडा त्याला समजत होता. चव समजत नव्हती.

प्रस्तुत लेखाचा हेतू मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने राज्यावर घातलेली जबाबदारी आणि १९४९ सालचा दारूबंदी कायदा हे दोन्ही सर्वांना माहीत आहेत. देहू जेथून हाकेच्या अंतरावर आहे अशा मावळासारख्या भागात, किंबहुना सर्वच द्राक्षपट्ट्यात, माळकरी घरे पुष्कळ आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस मुभा देण्याचा जो निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर झालेला वादही ताजा आहे. परंतु पिणे निराळे आणि पारखणे निराळे. व्यावसायिक परीक्षक वाइन तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. दिवसाला कित्येक नमुने पाहावयाचे असल्यावर त्याला गिळून चालतच नाही. शिवाय, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या परीक्षेचा निम्मा भाग मद्याचा थेंबही न घेता मळ्यातच करता येतो.

भरदारपणा म्हणजे काय?

लाल वाइनचे वर्णन करताना ‘भरदार’ हा शब्द वापरला जातो. त्याचा अर्थ कडक नव्हे, गोड नव्हे आणि केवळ गडदही नव्हे. ताक, गाईचे दूध आणि म्हशीचे दूध यांचा एकेक घोट क्रमाने घेतला, तर जिभेवर पडणारे वजन वाढत गेल्याचे जाणवते. चव क्षणभर बाजूला ठेवली तरी तो फरक कळतो. वाइनमधील भरदारपणा म्हणजे हेच वजन.

ते अनेक घटकांतून येते. पहिला मद्यार्क. रसातील दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की साधारणतः एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणून २३ ब्रिक्सच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांची वाइन १३ टक्क्यांच्या घरात जाते. दुसरा घटक आंबण्याच्या क्रियेत निर्माण होणारे ग्लिसरॉल आणि रसातील इतर विरघळलेली द्रव्ये. तिसरा, आणि लाल वाइनच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे टॅनिन.

टॅनिनची ओळख मराठी माणसाला नव्याने करून देण्याचे कारण नाही. काथ, सुपारी, हिरडा, उकळून उकळून काळा झालेला चहा, अर्धवट पिकलेले जांभूळ यांनी तोंडाला जो तुरटपणा येतो तो टॅनिनचाच. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. आजचे शास्त्र असे सांगते की, ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव अधिक आहे. लाळेतील प्रथिनांमुळे तोंड ओलसर व गुळगुळीत राहते. टॅनिन त्या प्रथिनांना जखडते आणि तोंडातील वंगण जणू पुसले जाते. जीभ टाळूला घासू लागते. कोवळ्या जांभळाने तोंड आखडते ते यामुळेच.

मात्र सर्व टॅनिन सारखे नसते. कच्च्या जांभळाचा तुरटपणा तोंडाला चिमटा घेतो, तर पिकल्या जांभळाचा जिभेवर मखमलीसारखा पसरतो. चांगल्या भरदार लाल वाइनमध्ये हा दुसरा तुरटपणा असतो. पहिला असेल तर वाइन कितीही गडद व कडक असली तरी ती उग्र म्हणूनच गणली जाते. आणि दोहोंपैकी कोणता तुरटपणा उतरणार, हे वाइनरीत नव्हे तर बहुतांशी बागेत ठरते.

साल, गर आणि पाणी

द्राक्षाचा गर, थोडे अपवाद सोडल्यास, रंगहीन असतो. काळ्या द्राक्षाचा रस लगेच गाळून घेतला तर तो पांढराच निघतो. लाल वाइनचा रंग आणि बहुतेक उपयुक्त टॅनिन सालीत असते. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबविला जातो. टाकीत साली वर तरंगून जाड थर धरतात आणि खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा त्या थरावर सोडावा लागतो. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. सालीत जे आहे तेच रसात उतरणार. जे नाही ते कोणतीही टाकी आणू शकत नाही.

येथे शाळेतील भूमितीचा एक साधा नियम कामास येतो. गोलाची त्रिज्या दुप्पट केली तर त्याचे पृष्ठफळ चौपट होते, परंतु घनफळ आठपट होते. म्हणजे मणी दुप्पट मोठा झाला की गराच्या मानाने साल निम्मी उरते. खाण्याच्या द्राक्षासाठी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका या जाती त्यासाठीच नावाजल्या. निर्यातदार मण्याचा व्यास मिलिमीटरांत मोजतात आणि मोठ्या मण्याला भाव देतात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो या वाइनच्या जातींना नेमके उलटे हवे असते.

पिढ्यानपिढ्या मणी फुगविण्यात निष्णात झालेल्या बागायतदाराने वाइनची बाग लावली, की त्याचा हात सवयीने पाण्याच्या नळीकडे जातो. त्यात त्याचा दोष कमी आणि व्यवहाराचा अधिक. माल टनावर घेतला जात असेल, तर तोडणीपूर्वी दिलेले पाणी हे वजन वाढविते आणि वजन म्हणजे पैसा. परंतु तेच पाणी सालीचे प्रमाण घटविते, साखर व आम्ल पातळ करते आणि शेवटी वाइन ‘हलकी’ निघते. पुढील वर्षी खरेदीदार भाव पाडतो, आणि तो का पडला हे बागायतदारास उमजत नाही. एकरी उत्पादन मर्यादित ठेवणे, वेलीवरील जादा घड वेळीच काढणे, मणी रंगावर आल्यावर पाणी आवरते घेणे या गोष्टी भरदारपणासाठी आवश्यक आहेत. मात्र त्या करणाऱ्याला टनामागे अधिक दर मिळाला नाही, तर त्या करण्याचा उपदेश पोकळ ठरतो. करारात केवळ ब्रिक्स न लिहिता एकरी उत्पादनाची मर्यादा आणि तिच्या मोबदल्यात मिळणारा दर हे दोन्ही लिहिले जाणे न्यायाचे होईल.

महाराष्ट्राचे हवामान आणखी एक अडचण उभी करते. येथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. माल येतो जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे पिकण्याचा काळ हा थंडी ओसरून ऊन चढण्याचा काळ असतो. युरोपात द्राक्ष पिकते ते उन्हाळा उतरत असताना. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस साखर भराभर चढते, आम्ल उतरते, पण बी मात्र अजून हिरवीच असते. मापक तोडणी करा म्हणतो, बी थांबा म्हणते. कोणाचे ऐकावे, हा खरा पेच असतो.

चषकातील परीक्षा

वाइनरीत आणि परीक्षक मंडळांत तुलना कशी केली जाते, हे आता पाहू. ती सोपी आहे. फक्त शिस्तीची आहे.

चषक तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. १९७७ साली अशा चषकाचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरविण्यात आले. त्यात सुमारे ५० मिलिलिटर वाइन ओतली जाते, बाकीचा चषक मोकळा. नमुने तीन किंवा चारच असावेत. तुरटपणा घोटागणिक साचत जातो आणि सहाव्या-सातव्या नमुन्याला जीभ पहिल्यासारखी राहत नाही. हलकी वाइन आधी, भरदार नंतर. मधे पाणी आणि साध्या पोळीचा तुकडा. खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नको.

तापमानाकडे आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. ती खोली युरोपातली, हे आपण विसरतो. मार्चमधील पुण्याच्या खोलीत ३० अंशांवर ठेवलेल्या वाइनमधून प्रथम मद्यार्काचाच झणका नाकात जातो, आणि नवशिका त्यालाच भरदारपणा समजतो. १६ ते १८ अंश हे तापमान योग्य. बाटली थोडा वेळ शीतपेटीत किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी भागते.

प्रथम पाहणे. चषक पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो; ताज्या वाइनची कड जांभळट, मुरत गेलेलीची विटकरी. चषक फिरविल्यावर आतील बाजूने जे ओघळ उतरतात त्यांना पुष्कळ जण गुणवत्तेची खूण मानतात. ती मुख्यतः मद्यार्काची खूण आहे, अधिक काही नाही. नंतर वास, एकदा चषक न हलविता, एकदा फिरवून. मग लहानसा घोट तोंडात सर्वत्र फिरवावयाचा, थोडी हवा आत ओढावयाची आणि थुंकावयाचे. थुंकल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते, ते मनात अंक मोजून टिपावे. चांगल्या वाइनचा भेद पुष्कळदा येथेच कळतो.

भरदारपणा ठरविताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. जिभेवर वजन किती? तुरटपणा मखमली की चिमटा घेणारा? आणि घशाशी जी ऊब जाणवते ती इतर चवींत मिसळलेली आहे, की एकटीच जळते? या तिन्हींची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो. गोडीनेही फसगत होते. गोव्यातील पोर्ट वाइनची गोडी महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाची आहे. मद्यार्क व साखर अधिक असल्याने ती दाट वाटते. परंतु ती दाटी पाकाची, सालीची नव्हे. दोन्हींची तुलना एकाच रांगेत करणे म्हणजे श्रीखंड आणि दही यांची तुलना करण्यासारखे आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विभागाने गेल्या शतकाच्या मध्यास वीस गुणांचा जो तक्ता प्रचारात आणला, त्यात भरदारपणाला अवघा एक गुण ठेवलेला आहे. उरलेले रंग, वास, आम्लता, तुरटपणा, चव वगैरेंना विभागून दिलेले. नुसता भरदारपणा हा काही मोठा गुण नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. वजन असून तोल नसेल तर ते केवळ ओझे असते.

मिरी, ढबू मिरची आणि करवंद

जातीजातींतील फरक वासावरून उत्तम कळतो. महाराष्ट्रातील लाल वाइनमध्ये शिराझचे महत्त्व मोठे आहे आणि तिचा ओळखीचा वास म्हणजे काळी मिरी. हे काव्य नव्हे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली या वासास कारणीभूत असलेले रोटंडोन हे द्रव्य शोधून काढले आणि तेच द्रव्य मिरीतही असल्याचे दाखविले. गंमत अशी की, सुमारे पाचांतील एका माणसाला हा वास येतच नाही. परीक्षक मंडळात एकच व्यक्ती असू नये, याला यापेक्षा चांगले कारण देता येणार नाही.

कॅबर्ने सोव्हिन्योंचा रोख निराळा. अपुऱ्या पिकलेल्या कॅबर्नेला कापलेल्या हिरव्या ढबू मिरचीचा वास येतो. पिकत गेली की तो मावळून काळ्या फळांचा वास पुढे येतो. शिराझ तोंडात गोलाकार भरते, तर कॅबर्नेचा तुरटपणा ताठ, चौकटीसारखा जाणवतो. अकलूज परिसरात सांजोवेझे या इटालियन जातीशी कॅबर्नेचे मिश्रण केले जाते. तेथे आंबटपणाची धार अधिक लागते आणि भरदारपणा असूनही वाइन जड वाटत नाही. ओकच्या पिंपात मुरविलेल्या वाइनमध्ये लवंग, व्हॅनिला, भाजलेल्या नारळाची छटा येते. ही छटा पिंपाची, द्राक्षाची नव्हे; सालीत काही नसलेली वाइन पिंपात घातली तर ती फर्निचरासारखी लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

परदेशी पुस्तकांत वासांची नावे ब्लॅकबेरी, कॅसिस अशी असतात. १९८४ साली डेव्हिस येथील अ‍ॅन नोबल यांनी वासांचे वर्गीकरण करणारे एक चक्र प्रसिद्ध केले, ते जगभर वापरले जाते. परंतु ज्याने ब्लॅकबेरी पाहिलेली नाही त्याने तिचे नाव घोकणे व्यर्थ आहे. मावळच्या डोंगरात वैशाख-ज्येष्ठात पिकणारी करवंदे आणि जांभळे, आमसूल, काळ्या मनुका, तंबाखूचे पान, नवे चामडे, पहिल्या पावसाची माती, गुऱ्हाळातील गूळ अशी यादी शिरगावातील कोणीही शेतकरी सांगू शकेल, आणि भरदार लाल वाइनचे वर्णन करण्यास ती पुरेशी आहे. मराठीत परीक्षणाचे असे एक चक्र तयार झाले, तर ते बागायतदारांच्या प्रशिक्षणाला फार उपयोगी पडेल.

नाव झाकल्याशिवाय तुलना नाही

परीक्षा घेताना बाटल्यांवर कापड गुंडाळावे आणि फक्त क्रमांक द्यावेत, हा नियम सर्वत्र पाळला जातो. त्याचे कारण परीक्षकांची अप्रामाणिकता नव्हे. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर यांनी अशीच झाकलेली परीक्षा घेतली. परीक्षक फ्रेंच, नामांकित. लाल वाइनमध्ये त्यांनी प्रथम क्रमांक दिला तो बोर्दोच्या प्रसिद्ध घराण्यांना नव्हे, तर कॅलिफोर्नियातील १९७३ सालच्या एका कॅबर्नेला. नावे उघडी असती तर तो निकाल लागला नसता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून देण्यात आली, आणि त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला काय वाटेल ते सांगतो आणि नाक ऐकते.

आपली स्वतःची जीभ विश्वासार्ह आहे काय, हे तपासण्याची एक रीत आहे. तीन चषक घ्यावयाचे. दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. निराळा कोणता ते ओळखावयाचे. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक; सलग पाच वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये एक. ही कसोटी वाइनवाचूनही घेता येते. शिक्षकांनी वर्गात ती लिंबाच्या सरबतावर करून पाहावी. दोन पेल्यांत सारखी साखर, तिसऱ्यात चिमूटभर जास्त. संभाव्यतेचा धडा आणि जिभेची परीक्षा एकदमच होते.

मळ्यातील चाखणी

आता माळकरी बागायतदाराकडे वळू. त्याने चषकाला स्पर्श करावयाचा नाही. पण मणी तर तो खाऊ शकतो. दक्षिण फ्रान्समध्ये मण्यांची चव घेऊन तोडणीचा दिवस ठरविण्याची पद्धत शिस्तबद्ध करण्यात आलेली आहे, आणि ती महाराष्ट्रातील कोणत्याही बागेत विनाखर्च वापरता येते.

अपेक्षित तोडणीच्या तीन आठवडे आधीपासून, दर तीन-चार दिवसांनी, सकाळच्या वेळी बागेतून मणी गोळा करावेत. ओळीच्या दोन्ही अंगांनी, उन्हातल्या घडाचे आणि सावलीतल्याचेही, घडाच्या खांद्यावरचे आणि शेपटाचे. सर्वांत गोड दिसणारा मणी हात आपोआप उचलतो. ती खोड मोडावी लागते. मग एकेक मणी बोटांत दाबावा. देठ सहज सुटतो का? गर बीला चिकटून राहतो की मोकळा होतो? गर आधी चाखावा. गोडी व आंबटपणा तेथे कळतो. नंतर साल वेगळी काढून दहा-पंधरा वेळा चावावी आणि ती जिभेवर व हिरडीवर फिरवावी. जीभ टाळूवर सहज सरकली तर सालीतील टॅनिन पिकले. अडखळली, हिरव्या पाल्याची चव आली, तर नाही. साल चावताना बोटांना लागणारा रंगही पाहावा. पिकल्या सालीचा रंग पटकन सुटतो.

शेवटी बी. हिरवी बी चावूच नये. तिचा कडूपणा पुढची दहा मिनिटे चव मारतो. तपकिरी झाली असेल तर ती दातांखाली घ्यावी. पिकलेली बी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कडकन फुटते आणि तिची चवही तशीच खमंग लागते. अर्धवट पिकलेली लिबलिबीत दबते. प्रत्येक फेरीत वीस बिया फोडून त्यांपैकी किती तपकिरी, किती हिरव्या, हा आकडा वहीत लिहावा आणि शेजारी त्याच दिवशीचा ब्रिक्सचा आकडा लिहावा. दोन हंगामांच्या अशा नोंदी ज्याच्याजवळ आहेत, त्याला खरेदीदाराच्या माणसाशी बोलताना केवळ ‘माल चांगला आहे’ एवढ्यावर थांबावे लागत नाही.

या नोंदींचा मेळ वाइनशी घालणे मात्र वाइनरीच्या हाती आहे. प्रत्येक बागेचा माल वेगळ्या टाकीत आंबविणे नेहमीच शक्य नसते, हे खरे. तथापि हंगामात निदान एक लहान नमुना वेगळा आंबवून, सहा महिन्यांनी झाकलेल्या परीक्षेत तो कसा उतरला हे संबंधित शेतकऱ्यास लेखी कळविणे फारसे खर्चाचे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत आहे आणि वाइनच्या जातींवर तेथे काम चालते. अशा केंद्रातील तज्ज्ञ, बागायतदारांचा प्रतिनिधी आणि खरेदीदार असे तिघे मिळून चषक आणि मण्यांची वही एकाच मेजावर ठेवू शकतात. ज्यांना मद्याचा वासही वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी याच केंद्राने विकसित केलेली मांजरी मेडिका ही रसासाठीची जात आहे. तिचा गरही रंगीत असतो आणि सालीतील तुरटपणाची ओळख तिच्या ताज्या रसातूनही होऊ शकते.

फेब्रुवारीतील तोडणी भल्या पहाटे सुरू होते, कारण ऊन चढण्यापूर्वी माल वाइनरीत पोहोचला पाहिजे. गाडी निघण्यापूर्वी क्रेटवर शेताचा गट क्रमांक, तोडणीची तारीख, ब्रिक्स आणि तपकिरी बियांचा आकडा असलेली चिठ्ठी बांधावी, आणि तिची दुसरी प्रत घरी वहीत डकवावी. वर्षभराने त्या मालाच्या वाइनला परीक्षकांनी हलकी ठरविले किंवा भरदार, तर ती चव कोणत्या बांधावरची आणि त्या सकाळी बी फुटली होती की दबली होती, हे दोन्ही बाजूंना वही उघडून पाहता येते.